नियमाच्या घरचे कोठार : सातारा-सांगलीच्या पेठांतील पाच जिनसा

साताऱ्याहून येणारा पाहुणा कंदी पेढे आणतो, सांगलीहून येणारा भडंग. या दोन पुड्यांची ओळख साऱ्या महाराष्ट्राला आहे. परंतु ज्या पेठांत हे पुडे बांधले जातात, त्याच पेठांच्या आतल्या गल्ल्यांत, अडत्यांच्या गाद्यांवर आणि जुन्या किराणा दुकानांच्या मागल्या फळ्यांवर अशा काही जिनसा असतात, की ज्यांचे मोल बाहेरच्या पाहुण्यास ठाऊक नसते आणि घरच्या माणसास सवयीने दिसत नाही. जैन रसोईला या जिनसांची गरज इतर कोणत्याही रसोईपेक्षा अधिक आहे.

त्याचे कारण साधे आहे. सर्वसामान्य स्वयंपाकात कांदा पुष्कळ कामे करतो. तो रस्स्याला गोडवा देतो, दाटपणा देतो आणि परतल्यावर रंगही देतो. डाळ जुनी असली, तिखट शिळे असले, तरी लसणाच्या फोडणीखाली ते झाकून जाते. जैन घरच्या पातेल्यात ही झाकणी नाही. कंदमूळ वर्ज्य, पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य. मग ताटात उरते ते धान्य, कडधान्य आणि मसाल्याचा वाळलेला जिन्नस. तो अस्सल असेल तरच जेवण जेवण वाटते. नियम जितका कडक, तितकी मालाची पारख नेमकी हवी.

ही पारख व्यापारी घराण्यांना नवी नाही. गादीवर बसलेला गृहस्थ हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून माल ओळखतो, बेदाण्याची मूठ उचलून त्याची प्रत सांगतो. तोच गृहस्थ संध्याकाळी घरी जाताना मात्र रंगीत पाकिटातली तयार हळदपूड घेऊन जातो. दुकानातली पारख उंबरठ्याबाहेरच राहते. ती स्वयंपाकघरापर्यंत कशी आणावी, याचा विचार पाच जिनसांच्या निमित्ताने करता येईल.

हळकुंड

सांगलीची हळद देशभरच्या व्यापारात नावाजलेली आहे. येथील राजापुरी हळदीच्या बळावर ‘सांगली हळद’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीलगत कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेले हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असे कोठार. तेथील घट्ट मातीत हळद भरून तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि माल दीर्घकाळ टिकतो. पेव उघडल्यावर मात्र आतली हवा शुद्ध होईपर्यंत कोणी खाली उतरत नाही. हा नियम मोडणे जिवावर बेतते. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. साठवणीची ही विद्या आता पूर्वीसारखी सर्वत्र चालत नसली, तरी तिचे तत्त्व घरच्या डब्यालाही लागू आहे : कोरडा जिन्नस, घट्ट झाकण, हवेला मज्जाव.

हळद हा जमिनीखालचा कंद असताना जैन घरात ती चालते कशी, असा प्रश्न नव्या पिढीतील मुले विचारतात. ओली हळद आणि ओले आले वर्ज्यच आहे. वाळलेले हळकुंड आणि सुंठ यांना मात्र परंपरेने स्वीकारले आहे. वाळल्यावर ते अचित्त होते, ते चिमटीने आणि औषधासारखे वापरले जाते, पोटभर खाल्ले जात नाही, असे त्याचे स्पष्टीकरण वडीलधारी मंडळी देतात. मुलांना ‘चालते’ एवढेच उत्तर देण्याऐवजी हे कारण सांगावे. चिमटीचे प्रमाण राखण्यामागचा अर्थही त्यातूनच कळतो.

हळकुंड घेताना ते मोडून पाहावे. चांगले हळकुंड कडक असते, मोडताना खणकन आवाज येतो आणि आतला रंग गडद केशरी-पिवळा दिसतो. वरून फार झगझगीत पिवळे दिसणाऱ्या मालाला हात लावून पाहावा. बोटाला रंग सहज लागला तर शंका घ्यावी. तयार पूड तपासायची असल्यास पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून हलवू नये. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिके पिवळे राहते. पाणी भडक पिवळे झाल्यास त्यात रंग मिसळला असण्याचा संभव आहे.

पाव किलो हळकुंडे घरी आणून खलबत्त्यात जाडसर फोडावी आणि लागतील तशी थोडी थोडी दळावी. फोडणीत हळद शेवटी, आच मंद करून घालावी. कडकडीत तेलात ती जळते आणि कडू होते. सर्वांत सोपा उपयोग म्हणजे घरचे मेतकूट. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, दोन चमचे गहू, एक चमचा धने, एक चमचा जिरे आणि अर्धा चमचा मेथीदाणे वेगवेगळे कोरडे भाजावेत. त्यांत हळकुंडाचा एक तुकडा, सुंठीचा छोटा तुकडा आणि पाव चमचा हिंग घालून बारीक दळावे. मऊ भात, साजूक तूप आणि हे मेतकूट एवढ्यावर पर्वतिथीचे जेवण होते. एक सावधगिरी मात्र हवी. मेतकुटात डाळी असल्याने कच्च्या दह्यात किंवा ताकात ते कालवले तर द्विदळाचा दोष लागतो. दह्यासोबत खायचे असल्यास दही आधी नीट तापवून घेण्याची पद्धत आहे. अन्यथा तूप-भातच उत्तम.

बेदाणा

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या भागांत माघ-फाल्गुनात द्राक्षबागांच्या शेजारी जाळीचे मजले असलेल्या शेड उभ्या दिसतात. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून या जाळ्यांवर सावलीत पसरतात आणि वाऱ्यावर वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तासगाव आणि सांगली येथे त्याचे सौदे होतात, आणि शीतगृहांतून तो वर्षभर बाहेर पडत राहतो. ‘सांगली बेदाणा’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

येथे जैन दिनदर्शिकेची एक गंमत आहे. नवा बेदाणा बाजारात येतो तो नेमका फाल्गुनी चौमासीच्या सुमारास, आणि अनेक श्वेतांबर घरांत त्या दिवसापासून कार्तिकी चौमासीपर्यंत सुका मेवा बंद होतो. म्हणजे पेठेत ज्या वेळी ढीग लागतात, त्या वेळी घरचा डबा रिकामा करायचा असतो. अशा घरांनी नव्या मालाच्या मोहात पडून वर्षाची भरती करू नये. कार्तिकी चौमासीनंतर शीतगृहातून निघालेला चांगला माल थोडा थोडा घ्यावा; तो हिवाळाभर पुरेल एवढाच असावा. ज्या घरी हा नियम वेगळा पाळला जातो, त्यांनी आपल्या परंपरेप्रमाणे वागावे.

बेदाणा पारखताना दाणा मऊ पण कोरडा हवा, सुरकुत्या बारीक हव्यात, मुठीत दाबून सोडल्यावर दाणे पुन्हा सुटे झाले पाहिजेत. आंबूस वास, पृष्ठभागावर साखरेचे खडे किंवा चिकट गोळे दिसल्यास तो माल घेऊ नये. एकसारखा चकचकीत सोनेरी रंग बहुधा गंधकाच्या धुरीने येतो. किंचित तपकिरी, मंद रंगाचा बेदाणा दिसायला साधा असला तरी घरच्या वापराला चांगला. वापरण्यापूर्वी काही दाणे उघडून आत जीव नाही ना हे पाहावे, मग कोमट गाळलेल्या पाण्याने दोनदा धुवावे.

जैन रसोईत बेदाण्याचा खरा उपयोग खिरीत किंवा शिऱ्यात नाही. तो रस्स्यात आहे. कांद्याने येणारा गोडवा आणि दाटपणा बेदाण्याच्या वाटणाने येतो. दोन चमचे बेदाणे अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून त्यांत दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घालून बारीक वाटावे. जिरे-हिंगाच्या फोडणीत हे वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतले की चार माणसांच्या भाजीला पुरते. तिखट आणि आमसूल नेहमीपेक्षा किंचित अधिक घालावे, म्हणजे चव गोडसर होत नाही.

चटणीसाठी अर्धी वाटी भिजवलेले बेदाणे, चार आमसुले, एक चमचा भाजलेले जिरे, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर सुंठ आणि चवीपुरते सैंधव एकत्र वाटावे. पराठा, ढोकळा किंवा साध्या भाकरीबरोबर ती छान लागते. तीत पाण्याचा अंश असल्याने लागेल तेवढीच करावी आणि त्याच दिवशी संपवावी.

काकवी

महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारात दर्शनी फळीवर मधाच्या बाटल्या असतात. जैन घरासाठी मध महाविगईत मोडतो, म्हणून तेथून हात मागे घ्यावा लागतो. परंतु खाली उतरून वाई, कराड, सांगलीच्या बाजूला आले की मधाच्या जागी वापरता येईल असा जिन्नस याच मातीत मिळतो. तो म्हणजे काकवी.

हिवाळ्यात गुऱ्हाळे सुरू होतात. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असताना वर येणारी मळी काढून टाकतात, आणि रस गूळ होण्याइतका घट्ट होण्याच्या थोडे आधी जो पातळ, तांबूस, वाहता पाक मिळतो त्याला काकवी म्हणतात. पूर्वी गुऱ्हाळावरून कळशीने काकवी घरी येत असे. आता ती बाटलीत मिळते, पण शहरातील अनेक तरुण घरांना तिचे नावही परके झाले आहे.

चांगली काकवी मधाप्रमाणे धारेने पडते, तिचा रंग गडद तांबूस असतो आणि चवीला गोडीमागून किंचित खारट छटा येते. गडद रंगाला घाबरू नये. फार फिका, सोनेरी रंग आणण्यासाठी गुळात आणि काकवीत रसायने वापरली जातात. बाटली उघडल्यावर फेस, बुडबुडे किंवा आंबट वास आला तर तिचा रस चलित झाला असे समजून ती वापरू नये. घरी आणल्यावर ती एकदा स्वच्छ कापडातून गाळून, कोरड्या काचेच्या बरणीत भरावी आणि दरवेळी कोरडाच चमचा घालावा.

खोकल्यावर सुंठ आणि मध देण्याची रीत सर्वत्र आहे. जैन घरात चिमूटभर सुंठ, चिमूटभर हळद, दोन मिऱ्यांची पूड आणि चमचाभर काकवी असे चाटण घशाला तितकाच आराम देते. मुलांच्या डब्यासाठी पोळीवर तूप आणि काकवी लावून गुंडाळी करावी. धिरड्याबरोबर, नाचणीच्या आंबिलीत, चिंचेच्या किंवा आमसुलाच्या सारात ती विरघळायला गुळापेक्षा सोपी पडते. मेवा बंद असलेल्या महिन्यांत वर सांगितलेल्या वाटणातील बेदाण्याची जागाही अर्धा चमचा काकवी भरून काढते. मात्र ती साखरेचाच एक प्रकार आहे, हे मधुमेही व्यक्तींनी विसरू नये. आणि विगईत्यागाच्या दिवशी गुळाचा नियम तिलाही लागू आहे.

वाघ्या घेवडा

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात खरिपात पिकणारा वाघ्या घेवडा हा राजम्याचाच भाऊबंद. फिक्या दाण्यावर तांबड्या रेषा असतात, त्यावरूनच त्याला वाघ्या हे नाव पडले. त्यालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उत्तरेकडील व्यापारी हा माल आवर्जून उचलतात. सातारा-सांगलीच्या घरांत मात्र परप्रांतीच्या राजम्याचे पाकीट येते आणि शेजारच्या तालुक्यातला घेवडा पोत्यातून परगावी जातो.

दाणा एकसारखा, ठसठशीत आणि रेषा स्पष्ट असलेला घ्यावा. सुरकुतलेला आणि रंग उडालेला दाणा जुना असतो. तो कितीही शिट्या दिल्या तरी मऊ होत नाही. बारीक छिद्रे असलेला दाणा दिसल्यास ते पोतेच सोडून द्यावे.

भिजवण्याबाबत जैन घरात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. अंकुर फुटलेले कडधान्य अनंतकाय मानले जात असल्याने घेवडा मोड येईपर्यंत ठेवायचा नसतो. आणि रात्रभर पाण्यात ठेवणे ज्यांना चालत नाही, त्यांनी सकाळी लवकर उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवावा. चार तासांत तो पुरेसा फुगतो. भिजवलेले पाणी टाकून नव्या पाण्यात घेवडा शिजवावा. राजमा वर्गातील कच्च्या दाण्यात पोटाला त्रासदायक असा अंश असतो आणि तो किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावरच नष्ट होतो. म्हणून केवळ मंद आचेवर रटरटत ठेवू नये. कुकरमध्ये पाच-सहा शिट्या द्याव्यात आणि दाणा बोटाने दाबून पाहावा.

आमटीसाठी एक वाटी घेवडा शिजवून घ्यावा. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, भरपूर हिंग आणि शेवटी हळद घालून बेदाणा-शेंगदाण्याचे वाटण परतावे. त्यात दीड चमचा तिखट, एक चमचा धने-जिऱ्याची पूड, तीन आमसुले आणि मीठ घालावे. घेवड्याचे थोडे दाणे पळीने ठेचून घातले की रस्सा आपोआप दाट होतो. तिखटासाठी संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची निम्मी-निम्मी दळून ठेवल्यास एकीचा झणका आणि दुसरीचा रंग मिळतो. या प्रांतात प्रसिद्ध असलेल्या कांदा-लसूण मसाल्याची आठवण त्यामुळे फारशी होत नाही. तयार मसाला विकत घेताना पाकिटावरील घटक वाचावेत. कांदा-लसूण नसलेल्या मसाल्यातही खसखस असते, आणि ती बहुबीज म्हणून अनेक घरांत वर्ज्य आहे.

ही आमटी ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावी. सोबत कच्च्या दह्याची कोशिंबीर ठेवू नये. येथेही द्विदळाचाच प्रश्न येतो.

खपली गहू

कृष्णाकाठचा खपली गहू हा गव्हाचा फार जुना प्रकार. त्याच्या दाण्याला टरफल इतके घट्ट चिकटलेले असते की मळणीनंतरही ते सुटत नाही. कांडून किंवा यंत्रावर सडून ते काढावे लागते. याच खपलीवरून गव्हाचे नाव पडले. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या पट्ट्यात तो पूर्वापार पिकतो. अलीकडे मधुमेहींसाठी उपयुक्त म्हणून त्याची मागणी आणि किंमत दोन्ही वाढली आहेत. त्यात तंतू चांगले असतात हे खरे. परंतु तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन असते, त्यामुळे ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी तो पर्याय मानू नये, आणि औषधाच्या जागी कोणीच वापरू नये.

बाजारात तो सडलेला, म्हणजे टरफल काढलेला, आणि भरडलेला अशा दोन रूपांत मिळतो. दाणा लांबट आणि तांबूस हवा. किंमत अधिक असल्याने साध्या गव्हाची भेसळ होते. लांबट दाण्यांत गोल, फिके दाणे मिसळलेले दिसले तर ओळखावे.

सांगली-मिरजेपासून बेळगावपर्यंत सणाला आणि लग्नकार्यात या गव्हाची खीर होते. कानडी मुलखालगतच्या गावांत तिला हुग्गी म्हणतात. एक वाटी सडलेली खपली गरम पाण्यात चार तास भिजवून कुकरमध्ये सात-आठ शिट्या देऊन शिजवावी आणि रवीने जराशी घोटावी. त्यात पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, पाव चमचा सुंठ, वेलची आणि दोन चमचे तूप घालून दहा मिनिटे शिजवावे. दूध घालायचे असल्यास खीर खाली उतरवून कोमट झाल्यावर, वाढतेवेळी घालावे. गुळाबरोबर उकळले तर दूध फाटते.

परंतु या धान्याची खरी परीक्षा होते ती आयंबिलाच्या ओळीत. चैत्र आणि आश्विनातल्या त्या नऊ दिवसांत दूध, दही, तूप, तेल, गूळ काहीही नसते. फळ नाही, भाजी नाही, तिखट-हळद नाही. मीठ, मिरे, सुंठ, हिंग एवढ्यावर एका बैठकीत जेवायचे असते. अशा ताटात जिन्नस जसा असेल तसाच जिभेला लागतो. त्याला सावरून घेणारे काहीच नसते. पहिल्यांदा ओळी करणारी मुलगी किंवा नवी सून चौथ्या-पाचव्या दिवशी थकते, तेव्हा ते नेहमीच श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण नसते. कित्येकदा तिच्यापुढे आलेले धान्यच जुने आणि निःसत्त्व असते. तप तपस्विनीचे असले, तरी तिच्या ताटातले धान्य पारखून आणणे हे कुटुंबाचे काम आहे.

त्यासाठी खपलीचा जाड रवा काढावा. एक वाटी रवा कोरड्या कढईत मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत, दहा-बारा मिनिटे भाजावा. तीन वाट्या पाण्यात मीठ, अर्धा चमचा जाडसर मिरेपूड आणि चिमूटभर हिंग घालून उकळी आणावी, रवा सोडावा आणि झाकण ठेवून वाफ द्यावी. तूप-तेलाचा थेंबही नसताना या सांज्याला अंगचीच गोडी असते आणि दाणा मोकळा राहतो. सोबत मुगाचे साधे कढण असले की ताट पुरे होते.

साठवण

माल पारखून आणला आणि घरात किडला, तर पारख वाया जातेच, शिवाय हिंसाही घडते. धान्यात किडे झाल्यावर ते उन्हात घालणे म्हणजे त्या जीवांचा घात करणे होय. किडे होऊच नयेत अशी आधीच व्यवस्था करणे ही जयणा. म्हणून धान्य आणि हळकुंड आणल्याबरोबर, स्वच्छ असतानाच, दोन दिवस कडक उन्हात घालावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच डब्यात भरावे. गरम धान्य झाकले तर आत घाम सुटतो. गहू आणि घेवड्याला एरंडेलाचा हलका हात लावण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. वापरण्यापूर्वी तो धुऊन काढावा.

पीठ आणि पूड यांच्याबाबत काळाचे भान हवे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची सांगितली आहे. काही घरे दळलेल्या मसाल्यालाही हाच नियम लावतात. श्वेतांबर परंपरेत मिठाईचा काळ हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवसांचा मानतात. संप्रदायागणिक तपशील बदलतो, तेव्हा आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून एक कागद स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावा. हा हिशेब पाळायचा तर मोठी पाकिटे निरुपयोगी ठरतात आणि अख्खे हळकुंड, अख्खा गहू, अख्खी मिरची घेणेच सोयीचे पडते. छोटी घरघंटी आज अनेक घरांत असते. तिचा उपयोग केवळ पोळीच्या पिठापुरता ठेवू नये.

डब्यावर जिन्नस, आणल्याची तारीख आणि दुकानाचे नाव लिहिण्याची सवय लावावी. दुकानात मालाच्या प्रत्येक पोत्याला खूण असते. घरातल्या डब्याला ती असू नये असे काही कारण नाही.

हे सारे एकाच महिन्यात साधेल असे नाही, आणि तसा आग्रहही नसावा. व्यापारी घरांनी आरंभ लहान करावा. येत्या रविवारी घरातील मुलामुलींना घेऊन पेठेत जावे. सांगलीकरांनी हळकुंड मोडून दाखवावे, सातारकरांनी वाघ्या घेवड्याच्या रेषा दाखवाव्यात. आजोबांनी गादीवर चाळीस वर्षे जे बोटांनी शिकले, ते नातवंडांच्या तळहातावर ठेवावे. मुलगी उद्या पुण्या-मुंबईला किंवा परदेशी संसार मांडील, तेव्हा तेथील दुकानात तिला अनोळखी पाकिटांच्या रांगा दिसतील. त्यांतले काय घ्यावे आणि काय फळीवरच ठेवावे, हे तिला कोणास विचारावे लागू नये.